दुसरी प्रणाली पुसली, लॅपटॉप अडला

विंडोजच्या जोडीला उबुंटू किंवा सी-डॅकची ‘बॉस’ लिनक्स बसवून पाहिली, मग तिचे डिस्कवरील विभाजन (पार्टिशन) पुसले. आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच उमटले. नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावात दुरुस्तीचे दुकान हाकेच्या अंतरावर नसते. तरी घाबरू नका. विंडोज आणि तुमच्या फाइली बहुधा शाबूत असतात.

ग्रब हा लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम. त्याचा छोटा भाग डिस्कवरील ईएफआय या बूट विभाजनात राहतो, उरलेल्या फाइली लिनक्सच्या विभाजनात. ते पुसले की छोटा भाग चालू होतो, पण पुढच्या फाइली न सापडल्याने तिथेच थांबतो.

लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१२ किंवा डिलीट यांपैकी तुमच्या कंपनीची कळ दाबा. बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणा. तो यादीतच नसेल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. नव्याने इन्स्टॉल करू नका. विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागू शकते.

प्रयोग जरूर करा. मात्र फाइलींची प्रत, ही की आणि पेनड्राइव्ह गोंदिया-साकोलीसारख्या जवळच्या शहरात असतानाच तयार करून ठेवा.