डार्करूमचे काम : भांडवल थोडे, हात काटेकोर हवा

डिजिटल कॅमेरा आला आणि स्टुडिओमागच्या अंधाऱ्या खोल्या एकेक करून बंद झाल्या. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हा धंदा संपलाच असे अनेकांनी धरले. पण इलफर्डचा एचपी-५ आणि कोडॅकचा ट्राय-एक्स हे ब्लॅक अँड व्हाइट रोल आजही तयार होतात. शहरांतील हौशी मंडळी ते वापरतात. कमी झाले आहेत ते रोल धुणारे जाणकार हात. स्टुडिओ किंवा फ्रेमिंगचे दुकान असणाऱ्यांना हे काम जोडधंदा म्हणून शिकता येईल.

सामान मोजकेच लागते : झाकणाची डेव्हलपिंग टाकी, स्पायरल, थर्मामीटर, मापपात्रे, घड्याळ आणि प्रकाश न शिरणारी पिशवी. टाकी बंद झाल्यावर पुढचे काम उजेडात होते. लाल दिवा फक्त कागदावर प्रिंट काढताना चालतो. रोल मात्र संपूर्ण अंधारातच स्पायरलवर चढवावा. वाया गेलेल्या रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करावा.

डेव्हलपर म्हणून १९२७ पासून प्रसिद्ध असलेला डी-७६ घ्यावा. तो तितक्याच पाण्यात मिसळला, तर २० अंशांवर एचपी-५ ला ११ मिनिटे लागतात. ३५ मिमीच्या एका रोलला सुमारे ३०० मिली मिश्रण पुरते. म्हणजे एक लिटर मूळ द्रावणात सहा रोल निघतात. हे मिश्रण एकदाच वापरून टाकावे. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांच्या आसपास जाते. अशा वेळी बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात, बर्फ द्रावणात टाकू नये.

डेव्हलपरनंतर स्टॉप बाथ, मग हायपो. ताज्या हायपोत फिल्मचा तुकडा टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावे. त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा. पारदर्शक होण्यास ताज्यापेक्षा दुप्पट वेळ लागू लागला, की तो हायपो बाद समजावा. येथे काटकसर केल्यास निगेटिव्ह काही वर्षांत डागाळते. रॅपिड फिक्सर वापरल्यास धुण्यासाठी पाणी तीनदा बदलावे आणि टाकी अनुक्रमे ५, १० व २० वेळा उलटीपालटी करावी. पाण्याची मोठी बचत होते.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो गटारात न ओतता प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवावा आणि चांदी काढणाऱ्या कारखानदाराकडे चौकशी करावी. डेव्हलपरमधील मेटॉलने काहींच्या कातडीला खाज व पुरळ येते, म्हणून हातमोजे घालावेत. खोलीत हवा खेळती ठेवावी.

दर ठरवताना केवळ रसायनांचा खर्च धरू नये. आपला वेळ आणि वाया जाणारे द्रावणही हिशेबात घ्यावे. प्रत्येक रोलची तारीख, तापमान व मिनिटे वहीत लिहावीत. आपले स्वतःचे दहा रोल सलग निर्दोष निघेपर्यंत गिऱ्हाईकाचा रोल हाती घेऊ नये. बिघडलेला रोल पुन्हा धुता येत नाही, आणि त्यावरचा प्रसंगही पुन्हा घडत नाही. गावात जुना स्टुडिओवाला असेल, तर त्याच्याकडे चार दिवस बसावे. पुस्तकापेक्षा लवकर शिकाल.