सोसायटीचा संसार (लेखांक ६) : गच्चीचा खर्च तळमजल्यानं का द्यायचा?

मागच्या आठवड्यात आपण स्ट्रक्चरल ऑडिट समजून घेतलं. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर ५ वर्षांतून एकदा, ३० वर्षं उलटली असतील तर ३ वर्षांतून एकदा. ऑडिटचा अहवाल येतो, कंत्राटदारांची कोटेशनं येतात, विशेष सर्वसाधारण सभा भरते आणि पहिला हात वर होतो तो बहुधा तळमजल्याचा : ‘गळतंय वरच्यांच्या डोक्यावर. आम्ही पैसे का भरायचे?’

प्रश्न रास्त आहे. त्याला आवाज चढवून नव्हे, नीट उत्तर द्यायला हवं. गच्ची वरच्या मजल्याची नसतेच. आदर्श उपविधींमध्ये सोसायटीनं आपल्या खर्चानं करायच्या दुरुस्त्यांची यादीच आहे. गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, जिना, कुंपणाची भिंत, पाण्याच्या टाक्या, पंप, सामाईक पाइप, ड्रेनेज, लिफ्ट हे सगळं तिच्यात येतं. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि त्याचं प्लास्टर खराब झालं, तर तेही सोसायटीनंच करून द्यायचं असतं. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी कुटुंबं दर पावसाळ्यानंतर स्वतःच्या पैशानं गिलावा करून घेत राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून दुसऱ्या मजल्यावर पाणी उतरत असेल, तर मात्र तो खर्च त्या सभासदांचा, सोसायटीचा नव्हे.

या नियमामागे साधं बांधकामशास्त्र आहे. मुरलेलं पाणी काँक्रीटमधल्या सळयांपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि फुगली की भोवतालचं काँक्रीट फोडते. स्लॅबपासून सुरू झालेलं हे दुखणं बीममध्ये आणि कॉलममध्ये उतरतं. सगळ्या मजल्यांचा भार पेलणारे कॉलम तळमजल्यावरच्या घरांतूनच खाली पायात जातात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तळमजल्याच्याही घराचं रक्षण करतं, ते असं.

आता वाटणी. बहुतेक भांडणं इथे होतात, कारण ‘मेंटेनन्स’ या एका आकड्यात वेगवेगळे खर्च कोंबलेले असतात आणि प्रत्येकाचं वाटणीचं माप निराळं असतं. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे हा सेवाखर्च दर फ्लॅटला सारखा. पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, कोणी ती वापरो न वापरो. मोठ्या दुरुस्तीचा निधी मात्र क्षेत्रफळाप्रमाणे, सर्वसाधारण सभा ठरवील त्या दरानं.

बारा फ्लॅटची एक सोसायटी कल्पू. आठ फ्लॅट ५०० चौरस फुटांचे, चार ८०० चौरस फुटांचे, एकूण ७,२०० चौरस फूट. दुरुस्तीचा खर्च १४ लाख ४० हजार, म्हणजे चौरस फुटाला २०० रुपये. लहान फ्लॅटला १ लाख, मोठ्याला १ लाख ६० हजार. सरसकट सारखी वाटणी केली असती तर प्रत्येकी १ लाख २० हजार आले असते आणि लहान घरांनी मोठ्या घरांचे २०-२० हजार भरले असते. ज्याच्याकडे इमारतीचा अधिक भाग, त्यानं तिच्या सांगाड्यासाठी अधिक द्यावं, हे मला न्यायाचं वाटतं.

पण एकरकमी १ लाखाची वेळ यावीच का? सिंकिंग फंड याचसाठी असतो. त्याचा किमान दर जमिनीची किंमत वगळून बांधकामखर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्का, आणि नेहमीच्या दुरुस्ती-देखभालीचा निराळा, किमान ०.७५ टक्का. आपल्या सोसायटीचं बांधकाम त्या काळी चौरस फुटाला ४०० रुपयांनी झालं असं धरलं, तर सिंकिंग फंडाचे वर्षाला ७,२०० रुपये होतात. बारा घरांत मिळून! एवढेसे पैसे म्हणून अनेक ठिकाणी ते गोळाच होत नाहीत, किंवा रंगकामात खर्चून टाकतात. हेच ७,२०० रुपये ३० वर्षं, सरासरी ८ टक्के चक्रवाढ व्याजानं साचले असते, तर ८ लाखांच्या वर गेले असते. लहान फ्लॅटच्या वाट्याला १ लाखाऐवजी साधारण ४३ हजार आले असते. ०.२५ टक्का हा किमान दर आहे. सभेला तो वाढवता येतो, आणि नव्या सोसायट्यांनी तो पहिल्याच वर्षी वाढवावा, असं मी आग्रहानं म्हणेन.

तुमची सोसायटी नसून ‘अपार्टमेंट’ असेल, जसं पुण्यात पुष्कळ ठिकाणी आहे, तर १९७०चा अपार्टमेंट मालकी कायदा लागू होतो. तिथे सामाईक खर्च डिक्लरेशनमध्ये लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटला जातो. आधी आपली नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा, मग वाद घाला.

राहतो तो पेन्शनवर जगणारा सभासद. त्याला सूट दिली तर त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, म्हणून सूट नको. पण हप्ते जरूर द्यावेत. थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं, सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखलाही मिळतो. ही हत्यारं ऐपत असून न देणाऱ्यासाठी राखून ठेवावीत. ठराव लिहितानाच एकूण खर्च, सिंकिंग फंडातून किती घेतले, चौरस फुटाचा दर, प्रत्येक फ्लॅटची रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत बंद फ्लॅटच्या मालकालाही पाठवा.

पुढच्या आठवड्यात : कंत्राटदाराशी करार करताना काय लिहून घ्यावं.