पदक बेटाचं की परदेशी विद्यापीठाचं?

३ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या पावसाने ओल्या ट्रॅकवर ज्युलियन आल्फ्रेडने १०.७२ सेकंदांत शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं. जेमतेम पावणेदोन लाख वस्तीच्या सेंट लुसियाचं हे ऑलिम्पिकमधलं पहिलंच पदक. यावर आक्षेप ठरलेला: ती चौदाव्या वर्षी जमैकाला गेली, पुढे टेक्सास विद्यापीठात घडली, मग बेटाचा वाटा तो काय? आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. २००९मध्ये बेटावरच्या सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागली, तेव्हा ते जॉर्ज ऑडलम स्टेडियममध्ये हलवलं गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. जिथे खेळाडूंनी घाम गाळायचा, तिथे रुग्णांच्या खाटा!

पण एवढ्याशा देशाने सगळ्या सोयी घरातच उभाराव्यात, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. शाळेच्या मैदानावर सुसाट पळणारी मुलगी वेळीच हेरणं आणि तिची वाट न अडवणं, हे त्याचं खरं काम, आणि ते बेटावरच झालं. शिवाय मोठ्या देशांचे खेळाडूही परदेशी प्रशिक्षकांकडे शिकतातच; त्यांच्या पदकांचा हिशेब कुणी मागत नाही. त्याच संध्याकाळी डॉमिनिकाच्या थिआ लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटरवर सुवर्ण मिळवलं. तीही अमेरिकेतच वाढलेली, आणि तिच्या देशाचंही ते पहिलंच पदक.