एकाच आसनावरून दोन वाटा

पाश्चात्त्य वाद्यवृंदात साधारणपणे ऐंशी ते शंभर वादक असतात. त्यांतील व्हायोलिनवादक मोठ्या संख्येने एकच स्वररचना एकत्र वाजवतात, त्यामुळे एखाद्याची किंचित चूक समूहात झाकली जाते. बासरीवादकाला ही सवलत नाही. तेथे बासऱ्या अवघ्या दोन ते चार आणि प्रत्येकीची स्वररचना स्वतंत्र. क्लोद दब्यूसीची १८९४ साली प्रथम सादर झालेली एक प्रसिद्ध रचना तर एकट्या बासरीच्या स्वरांनीच सुरू होते. सारे सभागृह स्तब्ध असताना प्रमुख बासरीवादकाला पहिला श्वास फुंकावा लागतो.

ही बासरी आपल्या वेणूची दूरची बहीण म्हणावी लागेल. जर्मन कारागीर व वादक थिओबाल्ड बोएम यांनी १८४७ मध्ये तिला धातूची सरळ नळी आणि चाव्यांची योजना असलेले रूप दिले. आजही तीच रचना मुख्यत्वे प्रचलित आहे.

१८८२ मध्ये स्थापन झालेला बर्लिन फिलहार्मोनिक हा जगातील अग्रगण्य वाद्यवृंद. नव्या वादकाची निवड येथे वादकच मतदानाने करतात आणि उमेदवारीचा काळ पार पडल्यावरच त्याला कायम केले जाते. १९६९ मध्ये या वाद्यवृंदात प्रमुख बासरीवादक म्हणून दोघे दाखल झाले. एक होते वीस वर्षांचे आंद्रेआस ब्लाउ आणि दुसरे एकोणतीस वर्षांचे जेम्स गॉलवे.

गॉलवे यांचा जन्म बेलफास्टचा. शालेय शिक्षण लवकर सुटल्यावर त्यांनी पियानो दुरुस्तीच्या दुकानात काम केले. पुढे लंडन व पॅरिस येथे शिक्षण घेऊन त्यांनी लंडनमधील संगीतिकागृहांत आणि वाद्यवृंदांत नोकऱ्या केल्या. हर्बर्ट फॉन कारायान यांच्या संचालनाखालील बर्लिनचे ते पद म्हणजे व्यवसायाचे शिखरच होते. निश्चित वेतन, प्रतिष्ठा, निवृत्तीपर्यंतची शाश्वती, सारे काही त्यात होते. तरीही १९७५ मध्ये त्यांनी ते सोडले आणि एकल वादनाचा मार्ग धरला.

या निर्णयाची किंमत लवकरच समोर आली. १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे मोटारसायकलची धडक बसून ते गंभीर जखमी झाले. स्वतंत्र कलावंताचे उत्पन्न त्याच्या कार्यक्रमांवर अवलंबून असते. अंथरुणाला खिळणे म्हणजे ते थांबणे. गॉलवे त्यातून उभे राहिले. १९७८ मध्ये जॉन डेन्व्हर यांच्या एका गीताचे त्यांनी केलेले वादन ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. २००१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

ब्लाउ मात्र आपल्या जागी राहिले. कारायान यांच्यानंतर क्लाउदिओ अब्बादो आणि मग सायमन रॅटल प्रमुख संचालक झाले. प्रत्येकाची दृष्टी वेगळी, अपेक्षा वेगळ्या. त्या सर्वांशी जुळवून घेत ब्लाउ यांनी तब्बल ४६ वर्षे सेवा केली आणि २०१५ मध्ये ते निवृत्त झाले. सामान्य श्रोत्यांत त्यांचे नाव गॉलवे यांच्याइतके दुमदुमले नाही. परंतु त्या वाद्यवृंदाच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांतून त्यांचा श्वास आजही ऐकू येतो.

या दोन टोकांमधील वाटही आहे. १९९३ मध्ये याच वाद्यवृंदात आलेले एमान्युएल पाहू २००० मध्ये बाहेर पडले, २००२ मध्ये परतले आणि नोकरी सांभाळून एकल वादनही करू लागले.

कायम नोकरी की स्वतंत्र व्यवसाय, हा प्रश्न आपल्याकडील कितीतरी घरांत आजही चर्चिला जातो. गॉलवे यांच्या धाडसाची वाखाणणी करताना एक गोष्ट विसरता कामा नये. नोकरी सोडण्यापूर्वी त्यांनी जवळजवळ दीड दशक वाद्यवृंदांत रियाज, शिस्त आणि नावलौकिक यांची पुंजी साठवली होती. ब्लाउ यांनीही तीच पुंजी जोडली. फक्त ती अखेरपर्यंत एकाच ठिकाणी गुंतवली. दोघांनाही तिचा परतावा भरभरून मिळाला.