आजी, गोळी घेतली का?

माझी आजी कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ७८, तब्येत ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत. गेल्या वर्षी तिला अचानक चक्कर आली आणि बाबांनी गाडी काढली ती थेट सांगलीला. आमच्याकडे 'मोठं दुखणं' म्हटलं की सांगली-मिरज, हे समीकरण पणजीच्या काळापासूनचं. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं आणि हळूहळू मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव झालं.

सांगलीतलं हॉस्पिटल एकदम चकाचक. एसी, टोकन, सगळं काही. दोन तास थांबलो, डॉक्टरांसमोर बसलो चार मिनिटं. निदान बरोबर होतं : हाय बीपी. गोळ्याही बरोबर. पण तीन आठवड्यांनी फोन केला तर काय? आजीनं गोळ्या बंद केलेल्या!

"अगं, त्यानं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. काम्प्युटरशीच बोलत हुता. आन् आता मला कुठं काय हुतंय?"

तुम्ही म्हणाल, आजी हट्टी. असेलही! पण बीपीची खरी गोची हीच आहे. बहुतेकांना काही जाणवतच नाही. मग रोज, आयुष्यभर गोळी का घ्यायची, हे कुणीतरी पटवून द्यायला नको? मध्येच सोडली तर एक दिवस थेट पॅरालिसिस किंवा हार्ट अटॅक.

शेवटी आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. मीही गेले, नाक मुरडतच. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या. आधी आजीला पाच मिनिटं निवांत बसवलं, मग सिस्टरनी बीपी मोजला. मॅडमनी विचारलं, "आजी, जेवणात लोणचं-पापड किती?" झालं, आजी खुलली! कार्ड भरलं, महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, पुढची तारीख ठरली. ती तारीख चुकली की आशाताई दारात हजर.

हा योगायोग नव्हता. 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. फंडा सोपा : ठरलेली औषधं, ती कायम स्टॉकमध्ये, प्रत्येक पेशंटची नोंद आणि सगळं डॉक्टरच्या एकट्याच्या डोक्यावर न टाकता टीमनं वाटून घ्यायचं. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

"मग इथे बॉस कोण?" मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या. "सही माझी असते, पण आजी ऐकतात आशाताईंचं. त्यामुळे आजींच्या प्रश्नांची उत्तरं आशाताईंना देता यायला हवीत, हे बघणं माझं काम."

आपण लीडरशिपच्या वर्कशॉपला हजारो रुपये मोजतो. इथे ती साध्या खुर्चीत बसलेली दिसली.

सगळं गोडगोड आहे असं नाही हं. सपाट भागात एका केंद्रामागे साधारण ३० हजार लोक धरलेले असतात. बाहेर रांग असताना प्रत्येकाशी लोणच्या-पापडावर बोलणार कसं? त्यात डॉक्टर टिकतीलच याचा भरवसा नाही. आमच्या मॅडमही पीजीला ॲडमिशन मिळाल्यावर गेल्या. मला धडकी भरली, आता आजी पुन्हा गोळ्या सोडणार!

ठरलेल्या तारखेला आजी कार्ड घेऊन निघाली. "बघूया, ह्यो तरी माझ्याकडं बघतोय का."

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"नाव घेऊन हाक मारली त्यानं. लोणच्याचं पण इचारलं. कार्डावर लिवलं हुतं म्हनं. बरा हाय पोरगा."

"आणि गोळी?"

"घेतली गं!"