नासवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला?

फोटो स्टुडिओ, सीएचं ऑफिस, डीटीपीची दुकानं आणि आता घरंसुद्धा. राऊटरला जोडलेली ‘नास’ची पेटी बऱ्याच ठिकाणी दिसू लागली आहे. सगळ्या कॉम्प्युटरना मिळून एकच साठवण, ही सोय खरंच उत्तम. काळजी वाटते ती तिच्याभोवती जमलेल्या समजुतींची.

गैरसमज : पेटीत दोन डिस्क आहेत, म्हणजे दोन प्रती आहेत.

डिस्क जोडण्याच्या रेड-१ या पद्धतीत दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. एखाद्या लग्नाच्या फोटोंचं फोल्डर चुकून डिलीट झालं, तर ते दोन्हीकडून जातं. फाईल करप्ट झाली, तर दोन्हीकडे करप्टच. पेटीच चोरीला गेली किंवा तिच्यात पुराचं पाणी शिरलं, तर विषयच संपला.

गैरसमज : व्हायरस कॉम्प्युटरला लागतो, नासला नाही.

नास ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून कायम जोडलेली असेल, तर जिथे तुम्ही फाईल बदलू शकता तिथे फाईल कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही बदलू शकतं. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क पाडलं, आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही बंद पडलं. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी सिंक होत होते आणि तोच बॅकअप मानला गेला होता. सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण तिथली वीज गेल्याने तो नेटवर्कबाहेर होता. त्याच्या डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

म्हणून नासवर स्नॅपशॉट (फाईलच्या जुन्या अवस्था जपून ठेवणारी सोय) चालू करा, बॅकअपसाठी वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड ठेवा. शिवाय एक यूएसबी डिस्क बॅकअप झाला की काढून दुसऱ्या घरी ठेवा. माझ्या मते हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं.

गैरसमज : नास फार संथ, बॅकअपला दिवस जातो.

हे पहिल्याच वेळी, आणि तेही चुकीच्या जोडणीमुळे. गिगाबिट लॅन केबलवर एक टेराबाईट अडीच-तीन तासांत जातं. १०० एमबीपीएसच्या जुन्या पोर्टवर जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. नंतर फक्त बदललेल्या फाईल जातात. पहिला बॅकअप वायफायवर घेऊ नका.

गैरसमज : ‘बॅकअप यशस्वी’ असा मेसेज आला, आता चिंता नाही.

जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस डिलीट झाला, तेव्हा रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता हे उघड झालं. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत हाती लागली. मधल्या काळातला डेटा गेला तो गेलाच.

येत्या रविवारी मागच्या वर्षीची एखादी फाईल निवडा, नासवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत आणा आणि उघडून बघा. उघडली नाही, तर दुरुस्ती करायला अजून वेळ आहे.