लंगडणाऱ्या बदकाची शुश्रूषा

परसातलं एखादं बदक इतरांच्या मागे न पळता दोन पावलांवर खाली बसू लागलं, की त्याच दिवशी त्याला हातात घेऊन पाहावं. शिकार होणाऱ्या सगळ्याच पक्ष्यांसारखं बदकही आपलं दुखणं लपवतं. ते उघडपणे लंगडतं तेव्हा दुखणं बहुधा मुरलेलं असतं. त्यात बदकाचे पाय कोंबडीच्या पायांइतके दणकट नसतात. कोंबडी पायांना धरून उचलायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. बदकाला तसं उचललं तर सांधा निखळू शकतो. पंख अंगाशी मिटवून, पोटाखाली हात घालून, दोन्ही हातांनीच त्याला उचलायचं.

आधी पाय नीट पाहा

एकाने बदक जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यावं, दुसऱ्याने कोमट पाण्याने पाय धुवावा. चिखल निघाल्याशिवाय काहीच दिसत नाही. तळवा, बोटांमधला पडदा, नखं, घोटा असं एकेक पाहावं आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघावं. सूज किंवा जास्तीची ऊब अशीच कळते.

किनारपट्टीवर आणि तळ्याकाठी एक गोष्ट मुद्दाम शोधावी, ती म्हणजे नायलॉनचा धागा. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा किंवा संक्रांतीनंतर पडून राहिलेला मांजा बोटाभोवती गुंडाळला जातो आणि हळूहळू कातडीत रुततो. बोटाचं टोक सुजलेलं किंवा काळपट दिसतं आणि धागा मात्र दिसत नाही. तो वरवर असेल तर बारीक कात्रीने कापावा. रुतला असेल किंवा गळ आरपार गेला असेल, तर ओढाओढ न करता डॉक्टरांकडे न्यावं.

पायावर काहीच सापडलं नाही, तर कारण पायात नसेलही. मादीच्या पोटात अंडं अडकलं की ती लंगडते किंवा जागची उठत नाही. बदकं चकचकीत वस्तू गिळतात. खिळा, वायसर, तारेचा तुकडा पोटात गेला आणि त्यातलं शिसं किंवा जस्त अंगात भिनलं, की पाय लटपटतात आणि विष्ठा हिरवी होते. उन्हाळ्यात आटलेल्या, कुजक्या डबक्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होते. तीत आधी पाय जातात, मग मान टाकली जाते. यांपैकी कशालाही मलमाचा उपयोग नाही, आणि इथे तास-दोन तासांनीही फरक पडतो.

ताजी जखम

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर पाच-दहा मिनिटं न उचलता दाबून धरावी. मग मिठाच्या पाण्याने जखम धुवावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा, पुरतं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावावं. हायड्रोजन पेरॉक्साइड वारंवार लावू नये, त्याने नवी येणारी कातडीही जळते.

हळदीचा डबा हाताशी असतो, पण उघड्या जखमेत हळद किंवा राख भरू नये. खाली किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही आणि भुकटीबरोबर घाणही आत जाते. तेलकट मलमाचा थर बदक चोचीने पिसांवर पसरवतं. त्याने पिसांचा पाणी न शोषण्याचा गुण जातो. बधिर करणारं औषध मिसळलेली मलमं पक्ष्यांना बाधू शकतात, तीही टाळावीत.

पावसाळ्यात सर्वात मोठी भीती माशीची. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर दिवसभरात अळ्या पडतात. म्हणून जखम सकाळ-संध्याकाळ पाहायची आणि झाकून ठेवायची. बोटांच्या मधून गुंडाळलेली, स्वतःलाच चिकटणारी पट्टी पायावर चांगली बसते. मात्र ती घट्ट नको. बोटं गार पडली किंवा फुगली तर लगेच सोडावी आणि ओली झाली की बदलावी. कुत्रा किंवा मुंगूस चावला असेल तर भोक कितीही लहान दिसो, दवाखाना गाठावाच. दात खोलवर जंतू नेऊन ठेवतात.

तळव्यावरची काळी खपली

तळव्याच्या मधोमध गोल, काळी, कडक खपली आणि भोवती सूज हे बंबलफूटचं लक्षण. पाळीव बदकांत हे दुखणं फार आढळतं. तळव्याला बारीक खरचटतं, त्यातून बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू आत शिरतात आणि वरून कातडी मिटते. खडबडीत जमीन, सतत ओला चिखल आणि जादा वजन ही त्यामागची कारणं. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांचं अंगण असतं. ते माणसाच्या चपलेला ठीक, पण तीन-चार किलोचं पांढरं पेकिन बदक दिवसभर त्यावर चाललं तर तळवे सोलवटणारच. खाकी कॅम्पबेल दोन किलोच्या आसपासचं, त्याला त्रास कमी.

घरोघरी एक चूक होते, ती म्हणजे खपली उचकटून पू दाबून काढणं. पक्ष्यांचा पू माणसासारखा पातळ नसतो. तो पातळ करणारं द्रव्य त्यांच्या पांढऱ्या पेशींत नसतं, त्यामुळे आत चिवट, पनीरसारखा घट्ट गोळा तयार होतो. तो दाबून बाहेर येत नाही, उलट जंतू खाली स्नायुबंधापर्यंत आणि हाडापर्यंत ढकलले जातात. नुसती लाली किंवा छोटी खपली असेल तर एप्सम सॉल्ट घातलेल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवावा (ते पाणी बदकाने पिऊ नये, जुलाब होतात), पाय कोरडा करून पट्टी बांधावी आणि जमीन बदलावी. सूज असेल, पाय गरम लागत असेल, बदक पाय टेकतच नसेल, तर गोळा काढणं डॉक्टरांचं काम आहे.

दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर जातो आणि मग तोही बिघडतो. म्हणून चांगला पायही रोज पाहावा.

पायाखालची जमीन

माझ्या मते अर्धी शुश्रूषा इथेच होते. औषध उत्तम आणि जमीन तीच, तर पाय बरा होत नाही. आजारी बदकासाठी लहान, कोरडी जागा वेगळी करावी, म्हणजे चालणं आपोआप कमी होतं. खाली रबरी चटई किंवा जाड गोणपाट, त्यावर भाताच्या मऊ पेंढ्याचा जाड थर द्यावा. ओला पेंढा रोज काढावा. बुरशी धरलेला पेंढा वापरूच नये, बदकाच्या फुप्फुसांना तो घातक असतो. बसून राहिल्याने छातीखाली घट्टे आणि फोड येतात, तेही पाहावं. शेणाने सारवलेली जमीन मऊ असली तरी जखम असेपर्यंत नको.

बदक एकटं राहिलं तर खंगतं. जाळीपलीकडे त्याचा सोबती दिसत राहील असं करावं. खाणं आणि पाणी तोंडाशी असावं.

पाणी

जखम उघडी असताना तळं, डबकं, भातखाचर बंद. पण बदकाला पाण्यावाचून ठेवता येत नाही. नाकपुड्या आणि डोळे धुता येतील इतकं खोल भांडं कायम हवं. जखम भरली की घमेल्यात किंवा टबात स्वच्छ पाणी भरून त्याला पोहू द्यावं. पाण्यात अंगाचा भार पायावर येत नाही आणि स्नायूंना व्यायाम मिळतो.

पिल्लांचे पाय

पिल्लांचे पाय वाकडे झाले, घोटे सुजले, तर जखम नव्हे, नायसिनची कमतरता आधी आठवावी. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम नायसिन लागतं. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा ही गरज बरीच जास्त आहे, त्यामुळे नुसतं कोंबडीचं खाद्य अपुरं पडू शकतं. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळलं तर ही तूट भरून निघते. लवकर ओळखलं तर पाय सुधारतात, हाडं वाकडी घट्ट झाली की नाही.

औषधं, अंडी आणि डॉक्टर

घरातली वेदनाशामक गोळी बदकाला देऊ नका. डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडं निकामी होऊन भारतातली गिधाडं किती झपाट्याने संपली हे आपण पाहिलं आहे. जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. पक्ष्याला कोणतं वेदनाशामक, किती द्यायचं हे पशुवैद्यकच ठरवू शकतात. प्रतिजैविक सुरू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढेही अंडी खाऊ नयेत, विकू नयेत. बदक हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, साल्मोनेला बदकांतून माणसात येतो.

पाय लोंबकळत असेल, विचित्र कोनात वळला असेल, तर हाड मोडलंय असं समजून घरी खपच्या बांधत बसू नका. कापड अंथरलेल्या, भोकं पाडलेल्या खोक्यात बदक ठेवून दवाखान्यात न्या. श्रेणी-1 च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतात. शस्त्रक्रियेसाठी मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथे विचारा. एकाच वेळी अनेक बदकांचे पाय गेले, काही मेली, तर तो जखमेचा विषय राहत नाही. भारतात बर्ड फ्लू प्रथम 2006 मध्ये नंदुरबारमधल्या नवापूरला सापडला होता, तेव्हा अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे.